मोठ्या कंपनीने फॉर्म पाठवलाय: 'समाजासाठी काय करता? (फोटोसह)'

कुपवाडचा_टर्नर | ३ जून, रात्री १०:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी एका सेकंडहँड लेथवर सुरू केलं. आता सहा सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी मशिनं) आणि तो जुना लेथ (तो विकायचा नाही, अशी आईची ताकीद आहे). पंपाचे शाफ्ट, स्लीव्ह, बुश असली कामं. माणसं बावीस. निम्म्याहून जास्त माल एकाच मोठ्या कंपनीला जातो. नाव घेत नाही, पोटाचा प्रश्न आहे.

गेल्या आठवड्यात त्यांच्या परचेसकडून मेल आला. सोबत एक्सेल शीट, ८४ प्रश्न. वीज किती युनिट, पाणी किती, कचरा कुठे जातो, महिला कामगार किती, कामगाराने तक्रार करायची झाली तर कुठे करायची. आणि सगळ्यात शेवटी एक मोठा रकाना: 'समाज व पर्यावरणासाठी केलेली कामे, फोटोसह'.

मी आणि अकाउंटंट त्या रकान्यासमोर अर्धा तास बसलो. गणपतीची वर्गणी लिहिली, खोडली. दोन वर्षांपूर्वी पर्यावरण दिनाला कंपाउंडबाहेर चाळीस रोपं लावली होती, त्याचा फोटो सापडला. त्यातली तीन जगलीत. बाकीच्यात शेळ्यांचं भलं झालं.

२०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कुपवाड उंचावर, इथे काही झालं नाही. पण आमच्या तीन माणसांची घरं सांगलीवाडीत आणि गावभागात. तिन्ही कुटुंबं बारा दिवस शॉपमध्ये राहिली. इन्स्पेक्शनच्या टेबलावर पोळ्या लाटल्या जात होत्या आणि एक आजी रात्रभर कॉम्प्रेसरच्या आवाजाला शिव्या घालायच्या. त्याचा एकही फोटो नाही. तेव्हा सुचलंच नाही.

असो. मुद्दा असा की वर्षाला लाखभर रुपये मी बाजूला काढू शकतो. कुठे घालावेत? शाळेला संगणक? झाडं? पाण्याची टाकी? की हे सगळं मोठ्यांचे चोचले आहेत, फॉर्म कसातरी भरून पाठवून द्यावा?

---

भडंग_खमंग | ३ जून, रात्री १०:५८

शेवटच्या रकान्यात लिहा, "आपण आमची बिलं वेळेवर दिलीत तर समाजाचं फार भलं होईल." फोटो म्हणून बँकेचं स्टेटमेंट जोडा.

---

कुपवाडचा_टर्नर | ३ जून, रात्री ११:०२

@भडंग_खमंग खिक्क! नव्वद दिवस म्हणतात, एकशेदहा होतात. पण हे धाग्यावरच ठीक आहे.

---

सीए_विश्रामबाग | ४ जून, सकाळी ८:१५

भडंगरावांनी चेष्टेत जे लिहिलंय ते मी गंभीरपणे लिहितो.

आधी कायदा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करावे लागतात. तुम्ही यात कुठेच बसत नाही, तेव्हा तुमच्यावर सक्ती शून्य. मग फॉर्म का आला? शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा अहवाल सक्तीचा केलाय. स्वतःच्या कारखान्याबरोबर आपले पुरवठादार काय करतात, हेही त्यात विचारलं जातं. म्हणून वरून प्रश्न सुटतात आणि कुपवाडपर्यंत घरंगळत येतात.

बऱ्याच जणांना माहीत नसतं की सीएसआरच्या नियमांत काय चालत नाही, हेही स्पष्ट लिहिलंय. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेली कामं चालत नाहीत. फक्त आपल्याच कामगारांच्या फायद्याची चालत नाहीत. जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप चालत नाही, म्हणजे गणपतीच्या कमानीवरचं नाव तिथे मोजलं जात नाही. यामुळे एक गंमत होते. कंपनी शाळेला बाकं देते, ते सीएसआर. तीच कंपनी लहान पुरवठादाराचे पैसे चार महिने वापरते, ते कुठल्याच रकान्यात ठळक दिसत नाही.

आता तुमच्या एकशेदहा दिवसांबद्दल. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वर २०२३-२४ पासून आयकरात ४३बी (एच) हे कलम आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर बिलावर छापा. नुसत्या छापण्यानेही फरक पडतो, असा माझ्या अशिलांचा अनुभव आहे.

आणि हाच आरसा स्वतःकडेही फिरवा. तुमची जॉबवर्कवाली मंडळी, म्हणजे ग्राइंडिंग, हार्डनिंग, प्लेटिंग करून देणारे, त्यांना तुम्ही किती दिवसांनी पैसे देता?

---

कुपवाडचा_टर्नर | ४ जून, सकाळी ९:३०

सीएसाहेब, शेवटचा प्रश्न वाचून चहा गार झाला. कंपनीकडून आले की देतो. म्हणजे एकशेदहा अधिक पंधरा.

---

जुना_मास्तर | ४ जून, दुपारी ३:२०

टर्नरसाहेब, तुम्ही पंपाचे शाफ्ट करता म्हणून राहवत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणला. बेळगावची जागा सोडावी लागली होती आणि औंधच्या राजांनी जमीन दिली. तिथे लोखंडी नांगर होऊ लागले. शेतकऱ्यांची समजूत होती की लोखंडाने जमिनीत विष उतरतं, त्यामुळे सुरुवातीचे नांगर विकले जाईनात. त्या नांगराने शेतकऱ्याचे कष्ट वाचवले, आणि तो काही दानधर्म नव्हता. विकला जाणारा माल होता.

मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटलेली माणसं ठेवली. ज्यांना गावात कोणी ओसरीवर उभं करत नव्हतं त्यांच्या हातात कारखान्याच्या किल्ल्या. पुढे त्याच औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली, कैद्यांना भिंतीशिवाय ठेवणारी. या मातीत हे झालेलं आहे हो, असले फॉर्म येण्याच्या किती आधी.

आणि साताऱ्याकडचे वाचक असतील तर त्यांच्यासाठी: भाऊराव पाटील 'कर्मवीर' होण्याआधी फिरते विक्रेते होते. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर घेऊन खेडोपाडी हिंडले. त्या हिंडण्यात त्यांनी जे पाहिलं त्यातून १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था उभी राहिली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. 'कमवा आणि शिका' हे वाक्य माल विकणाऱ्या माणसालाच सुचू शकतं असं मला नेहमी वाटतं. (हे माझं मत, पुरावा मागू नये.)

तुम्ही लाख रुपये कुठे घालू विचारता. मी विचारतो, तुमच्या गेटवर पहाऱ्याला कोण आहे? त्याला बारा तासांचे किती देता?

---

खोडवा | ४ जून, रात्री ८:४५

मास्तर लई भारी. मी सावळजचा, द्राक्षं आन् बेदाणा. कंपनीबिंपनीचं मला कळत न्हाई पर भलं करायचं म्हंजे काय ते सांगतो.

चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा हुतो. पोटॅशियम कार्बोनेट आन् डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकायचा, पंधरा-वीस दिवस आभाळाकडं बघत बसायचं. एक अवकाळी सर आली की माल काळा. एवढं करून सौद्याला (लिलावाला) न्यायचा. तिथं बॉक्स फोडत्यात, मूठ मूठ उचलून बघत्यात आन् उरलेला खाली. सौदा उठला की जमिनीवर बेदाण्याचा सडा. ह्याला आमच्याकडं 'उधळण' म्हंत्यात. नाव लग्नातलं, पर उधळतंय ते आमचं. ह्यावर लई बोंबाबोंब झाली, बंद करायचं ठरलं बी. कुठं थांबलं, कुठं न्हाई.

पर त्याच बाजारात एक चांगली रीत बी हाय. दिवाळीआधी सौदे बंद ठिवायचे आन् ज्याचं त्याचं सगळं देणं फेडून वही शून्यावर आणायची. 'झिरो पेमेंट' म्हंत्यात. ज्याचं थकलं त्येला पुढच्या सौद्यात उभं ऱ्हाऊ देत न्हाईत. कुणी सीएसआर म्हणलं न्हाई त्येला. पर दिवाळीला पोरांच्या अंगावर कापडं येत्यात ती त्याच्यामुळं.

टर्नरभाऊ, तुमी झाडं लावू नका. दिवाळीला तुमच्या पाव्हण्यांची (ते ग्राइंडिंगवाले) वही शून्य करा.

---

रोखठोक_कराड | ४ जून, रात्री ९:३०

सगळे भावनेच्या भरात चाललेत म्हणून थंड पाणी टाकतो. बावीस माणसांना दर महिन्याला पगार मिळतो, हेच समाजकार्य आहे. धंदा म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. मार्जिन किती राहतं? चार-पाच टक्के? त्यात जॉबवर्कवाल्यांना आधी पैसे देऊन कंपनीकडून नंतर घ्यायचे म्हणजे सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिटचं) व्याज कोणी भरायचं, मास्तरांनी?

कालच्या काळातले दाखले देणं सोपं असतं. लक्ष्मणरावांना जीएसटी भरायचा नव्हता.

---

जुना_मास्तर | ४ जून, रात्री ९:४१

रोखठोकराव, व्याज मी भरणार नाही, पेन्शनीत बसत नाही. पण पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा किल्ल्यांचे जुने तोफगोळे वितळवून किर्लोस्करवाडीत काम चालू ठेवल्याचं सांगतात. अडचणी तेव्हाही होत्या.

---

माणदेशी_लेक | ५ जून, सकाळी ११:०५

माहेर म्हसवड. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहाही न घेता जातो.

रोखठोकदादांच्या "धंदा म्हणजे धर्मादाय नव्हे" याला माझं पूर्ण अनुमोदन आहे. फक्त त्यातून ते जे काढतात ते मला पटत नाही. १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँक काढणाऱ्या चेतना सिन्हांकडे एक वेल्डिंगचं काम करणारी बाई आली होती. तिला रोजचे थोडे पैसे साठवून ताडपत्री घ्यायची होती, पावसाळ्यात घर झाकायला. एवढ्या लहान रकमेचं खातं काढायला बँक तयार नव्हती. मग बायकांची बँक काढायचं ठरलं, तर पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक सभासदांचे अंगठे होते. बायका अक्षरं गिरवून परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशोब आम्हाला घाला आणि तुमच्या साहेबांनाही घाला, बघू कोणाचा आधी होतो. आमच्याकडे ही गोष्ट आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

ती बँक आहे, ट्रस्ट नव्हे. कर्ज देते, व्याज घेते, वसुली करते. फरक इतकाच की बाजारात बसलेली बाई भाजी टाकून शाखेत येऊ शकत नाही, म्हणून बँकेचं माणूस तिच्या पाटीपाशी जातं. २०१२ च्या दुष्काळात त्याच मंडळींनी म्हसवडला जनावरांची छावणी चालवली. दागिने गहाण टाकून कडबा घेणारी बाई पुढच्या वर्षी कर्जही घेणार नाही आणि बचतही करणार नाही, हे त्यांना दिसत होतं. गिऱ्हाईक जगलं तर बँक जगणार.

टर्नरदादा, तुमच्या फॉर्ममध्ये महिला कामगारांचा रकाना आहे म्हणालात. किती आहेत?

---

कुपवाडचा_टर्नर | ५ जून, दुपारी १:१०

दोन, ताई. एक ऑफिसात, एक इन्स्पेक्शनला. आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो, शॉपवर संडास एकच आहे. इन्स्पेक्शनची मुलगी शेजारच्या कंपनीत जाते. मला हे माहीत होतं आणि नव्हतंही, तसलं काहीतरी.

---

शिफ्ट_केमिस्ट | ५ जून, रात्री ११:५०

सेकंड शिफ्ट उरकून आलोय, चुका पोटात घाला. सतरा वर्षं साखर कारखाना आणि डिस्टिलरी. कुठली ते विचारू नका.

पर्यावरणाबद्दल इथे कोणीच लिहिलेलं नाही. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की मागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. काकवीसारखा रंग, वास सांगायला नको. त्याचा बीओडी (घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पट. म्हणजे तो नदीत गेला की तो कुजवण्यातच पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपतो, मासे गुदमरतात. उन्हाळ्यात कृष्णेची धार बारीक असते, पहिल्या वळवाने ओढ्यानाल्यांत साठलेलं सगळं एकदम नदीत येतं आणि दुसऱ्या दिवशी घाटावर मासे पालथे. (सगळं खापर कारखान्यांवर फोडू नका. सांगलीचं सांडपाणी आणणाऱ्या शेरीनाल्याच्या वासाला आम्ही जबाबदार नाही.)

आता गंमत बघा. तोच स्पेंटवॉश आधी डायजेस्टरमध्ये (गोबरगॅससारख्या बंद टाकीत) घातला तर गॅस मिळतो. मग आटवून बॉयलरमध्ये जाळला तर वाफ मिळते. उरलेल्या राखेत पोटॅश असतं, ते खत म्हणून विकता येतं. उसाने जमिनीतून उचललेलं पोटॅश जमिनीत परत! आपला देश पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून आणतो. उसात सत्तर टक्के पाणी असतं, रस आटवताना ते वाफेतून हाताशी येतं, नीट वापरलं तर कारखान्याला नदीकडे फार हात पसरावे लागत नाहीत. प्रामाणिकपणे चालवला तर डिस्टिलरीतून थेंबही बाहेर जात नाही, आणि नियमही तोच आहे. यंत्रणा बसवलेली सगळीकडे असते. रात्री अडीच वाजता ती चालू ठेवायची की वीज वाचवायची, हा खरा सीएसआर. तो निर्णय घेणारा माणूस माझ्यासारखा शिफ्टवाला असतो आणि त्याला वरून फोन येतो की येत नाही, यावर मासे जगतात. मीही एकदा फोन ऐकलाय. त्या वर्षी मी घाटावर गेलो नाही.

ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दल लिहायचं तर वेगळा धागा लागेल. एवढंच सांगतो, त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) एक टाकी आणि चार दिवे लावायला जो खर्च आला तो आमच्या मोळीपूजनाच्या (हंगाम सुरू करायच्या पूजेच्या) मांडवापेक्षा कमी होता.

टर्नरभाऊ, तुमच्यासाठी फुकटचा सल्ला. उद्या जेवणाच्या सुट्टीत सगळी मशिनं बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि शॉपच्या मधोमध गप्प उभे राहा. जिथे जिथे 'फुस्स' ऐकू येईल तिथे साबणाचं पाणी लावा.

---

निशिगंध_मिरज | ६ जून, सकाळी ७:४०

मी पाच वर्षं एका कोल्ड स्टोरेजमध्ये हजेरी आणि पगाराचं काम केलं, आता दुसरीकडे आहे. सगळे फार छान लिहिताय. एक साधा प्रश्न राहिला म्हणून विचारते.

टर्नरदादा, बावीस माणसं म्हणालात. पीएफ कापता का?

---

भडंग_खमंग | ६ जून, सकाळी ७:५२

(पॉपकॉर्नऐवजी भडंग घेऊन बसलोय.)

---

कुपवाडचा_टर्नर | ६ जून, रात्री ११:१५

दिवसभर उत्तर टाइप करून खोडतोय.

कागदावर एकोणीस आहेत. वीस झाले की पीएफ लागतो म्हणून वडिलांच्या वेळेपासून हजेरीपुस्तक एकोणीसच्या पुढे जात नाही. तिघं 'कॉन्ट्रॅक्टर'कडे आहेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणजे आमचाच जुना फोरमन. ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा विमा) आहे, तो पहिल्यापासून आहे. पीएफ नाही. पुरात शॉपमध्ये राहिलेल्या तिघांपैकी एकजण त्याच कॉन्ट्रॅक्टरच्या यादीत आहे.

फॉर्ममध्ये 'सर्व वैधानिक देणी भरली जातात का' याला आम्ही 'होय' वर टिक केली होती. अजून पाठवलेला नाही.

---

रोखठोक_कराड | ६ जून, रात्री ११:३०

एकोणीसचं पुस्तक एमआयडीसीत निम्म्यांकडे आहे. इथे लिहायला हिंमत लागते, तेवढं मान्य.

---

सीए_विश्रामबाग | ७ जून, सकाळी ८:०५

पहिलं, हे इथे पुढे लिहू नका, मला फोन करा.

दुसरं, इतरांसाठी: कॉन्ट्रॅक्टरकडची माणसंही मोजली जातात. तेव्हा एकोणीस अधिक तीन ही पळवाट नाहीच, नुसता समज आहे. उद्या त्यातल्या एकाला काही झालं तर सगळं एकदम बाहेर येतं. कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के, पंधरा हजारांच्या मर्यादेवर धरलं तर दोघांचे अठराशे-अठराशे. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात. त्यालाच जोडून विमा असतो, सेवेत असताना माणूस गेला तर घरच्यांना सात लाखांपर्यंत. त्याचं कामगाराच्या पगारातून काही कापलं जात नाही.

तुमचे लाख रुपये कुठे घालायचे, या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं असावं. लाखात भागणार नाही, हे वेगळं.

---

खोडवा | ७ जून, रात्री ९:००

टर्नरभाऊ, राग मानू नका, आमचंबी तसंच हाय. आमच्या शेडवर प्रतवारीला बाया येत्यात, त्येंची हजेरी कुठल्याच पुस्तकात न्हाई. कारखान्यानं उसाचं बिल चौदा दिवसांत द्यावं, न्हाईतर पंधरा टक्के व्याज द्यावं, ह्यासाठी आमी रस्त्यावर बसतो. आन् बायांचा पगार 'बाजारादिवशी बघू'. निशिगंधताई, तुमच्या प्रश्नानं मला बी झोप न्हाई.

---

निशिगंध_मिरज | ७ जून, रात्री ९:२०

@खोडवा, दादा, गंधकाची धुरी दिलेल्या मालाची प्रतवारी करताना बायकांचे डोळे चुरचुरतात. शेडला मागच्या बाजूने एक एक्झॉस्ट फॅन लावा. पगाराचं तुम्ही बघालच.

---

कुपवाडचा_टर्नर | २२ जुलै, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. दीड महिना झाला, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

पीएफची नोंदणी झाली. सीएसाहेबांनी मागचं काय ते मार्गी लावायला घेतलंय, आकडा सांगत नाही, पण गाडी बदलायची होती ती आता बदलणार नाही. मला वाटलं होतं माणसं खूश होतील. शनिवारी सगळ्यांना उभं करून सांगितलं तर पहिला आवाज आला, "म्हणजे हातात अठराशे कमी?" व्हीएमसीवरचा पोरगा सरळ म्हणाला, मला नको, मी वर्षभरात पुण्याला जाणारच आहे. त्या बोलण्यात मी तासभर अडकलो. शेवटी फोरमनने, म्हणजे आमच्या 'कॉन्ट्रॅक्टर'ने, स्वतःचं उदाहरण दिलं. वय ५६, एकतीस वर्षं नोकरी, शिल्लक काय तर मुलीच्या लग्नाचं कर्ज. शॉपमध्ये कोणी बोललं नाही. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही, कारण एकतीसपैकी अकरा वर्षं माझ्या कारकिर्दीतली आहेत. पहिल्या वर्षी त्यांच्या कपातीतला निम्मा भार मी पगारवाढीतून उचलतोय. रोखठोकराव, मार्जिन विचारू नका.

दुसरा संडास झाला. खर्च अठ्ठेचाळीस हजार, वेळ नऊ दिवस. इतकी वर्षं का लागली, याला उत्तर नाही.

केमिस्टसाहेब, तुमचा प्रयोग केला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बाहेर काढून एकटा उभा राहिलो. आधी काही ऐकू येईना. मग एकेक सुरू झालं, जसं काही शॉपभर साप बसलेत. चौदा ठिकाणं सापडली. सगळ्यात मोठी गळती एअरगनच्या कपलिंगला, तिथे कोणीतरी चिंधी बांधून ठेवली होती आणि ती चिंधी फडफडत होती. पाइप, क्लिप मिळून साडेतीन हजार गेले. आता सुट्टीत कॉम्प्रेसर लोड घेतच नाही, पूर्वी दर दोन मिनिटाला घ्यायचा. त्या आजींना आता इथे शांत झोप लागेल.

जॉबवर्कवाल्यांचं अर्धं जमलंय. ग्राइंडिंग आणि प्लेटिंगला ४५ दिवसांच्या आत द्यायला सुरुवात केली, हार्डनिंगवाल्याचं मागचं थकलेलं आहे. दिवाळीपर्यंत वही शून्य करायची असं खोडवाभाऊंचं नाव घेऊन ठरवलंय. कंपनीला उद्यम नंबर छापलेली बिलं पाठवली. परचेसवाल्याचा फोन आला, "हे काय नवीन?" मी म्हटलं, तुमच्याच फॉर्ममुळे वाचन वाढलं. दोघंही हसलो. मागचं बिल अठ्ठ्याहत्तर दिवसांत आलं.

फॉर्म मात्र उशिरा गेला. वैधानिक देण्यांसमोर 'जून महिन्यापासून' असं लिहिलं. शेवटच्या रकान्यात तीन जगलेल्या झाडांचा फोटो जोडला, कारण फोटोशिवाय फाइल अपलोडच होत नव्हती.

---

माणदेशी_लेक | २२ जुलै, रात्री १०:४५

इन्स्पेक्शनच्या मुलीला काय वाटलं ते लिहायचं राहिलं.

---

कुपवाडचा_टर्नर | २२ जुलै, रात्री १०:५१

काही म्हणाली नाही, ताई. दुसऱ्या दिवशी घरून आरसा आणून लावला.

---

शिफ्ट_केमिस्ट | २३ जुलै, सकाळी ६:३०

कूलंट (मशिनवर सोडायचं तेलपाणी) आणि जुनं तेल कुठे टाकता ते नाही लिहिलंत. आणि लोखंडाची बर (कीस) धुऊन निघालेलं पाणी?

---

कुपवाडचा_टर्नर | २३ जुलै, सकाळी ९:१२

पकडलंत. जुनं तेल भंगारवाला नेतो, कुठे नेतो ते आजवर विचारलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात. कूलंट मागच्या गटारीत. दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये साठवायला परवापासून सुरुवात केलीय, पण एवढ्याशा मालासाठी अधिकृत रिसायकलवाले गाडी पाठवायला तयार नाहीत. ओळीतले सात-आठ जण मिळून एकत्र द्यायचं म्हणतोय. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतलं कोणी आधी केलंय का?

---

रोखठोक_कराड | २३ जुलै, सकाळी ९:४०

आम्ही बारा जणांनी मिळून करतो, दर तीन महिन्यांनी एक गाडी. बॅरल झाकून ठेवा, पावसाचं पाणी गेलं तर घेत नाहीत. नंबर व्यनि केलाय.